वटवाघळांच्या वस्तीत विषाणूचा माग

कोरोनाच्या पहिल्या वर्षी 'स्वॅब' आणि 'आरटी-पीसीआर' हे शब्द धाराशिव जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरही पोहोचले. सुरुवातीला जिल्ह्याचे नमुने बाहेर पाठवावे लागत. मग २०२० मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इथल्या उपपरिसरात चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि रिपोर्ट गावातच मिळू लागला. नाकातोंडात फिरवलेली ती काडी आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. पण हीच काडी आणि हीच चाचणी घेऊन शास्त्रज्ञांची पथके माणसांच्या आधी वटवाघळांपर्यंत पोहोचली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्या कामाचे भारतातले मुख्य ठिकाण आपल्यापासून एका रात्रीच्या एसटी प्रवासावर आहे: पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही.

धाराशिवकरांना वटवाघूळ नवे नाही. शहराजवळ बालाघाटाच्या कुशीत कोरलेली लेणी, नळदुर्ग आणि परांड्याचे किल्ले, गावोगावच्या पडक्या गढ्या, पायऱ्यांच्या जुन्या बारवा, तळ्याकाठची वड-पिंपळाची झाडे असा जिल्हा म्हणजे वटवाघळांना राहण्याजोग्या जागांची यादीच. अंधार, ओलावा आणि माणसांची कमी वर्दळ एवढे असले की त्यांचे भागते. त्यामुळे वटवाघळांत कोणते विषाणू असतात, ते कसे शोधतात आणि सापडले तर आपण काय करायचे, हा प्रश्न इथल्या वाचकाच्या रोजच्या जगण्यातला आहे.

पुण्याच्या संशोधकांना काय सापडले?

एप्रिल २०२० मध्ये, सगळा देश टाळेबंदीत असताना, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात एनआयव्हीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. प्रज्ञा यादव, डॉ. देवेंद्र मौर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. त्यासाठी तपासलेले नमुने २०१८-१९ मधले, म्हणजे जगाने कोविडचे नावही ऐकले नव्हते तेव्हाचे होते. २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडमध्ये निपाह या वटवाघळांतून येणाऱ्या घातक विषाणूची साथ आली आणि त्यानंतर देशभर वटवाघळांच्या तपासणीला वेग आला, तो हा काळ.

तपासणी फळे खाणाऱ्या दोन प्रकारच्या वटवाघळांची झाली. पहिले टेरोपस. पंख पसरले की चार फुटांपर्यंत भरणारे, दिवसभर झाडाला उलटे लटकून कलकलाट करणारे हे मोठे वटवाघूळ आपण सगळ्यांनीच पाहिलेले असते. दुसरे रौसेटस. हे आकाराने बरेच लहान आणि गुहा, भुयारे, पडक्या इमारती यांत राहणारे. फळे खाणारी बहुतेक वटवाघळे डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असतात. रौसेटस मात्र जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढते. म्हणूनच मिट्ट काळोखाची गुहा त्याला मानवते.

निकाल असा होता. टेरोपसच्या ५०८ नमुन्यांपैकी २१ मध्ये आणि रौसेटसच्या ७८ पैकी ४ मध्ये कोरोनाविषाणूचा अंश सापडला. टेरोपसचे हे बाधित नमुने केरळ, पुदुच्चेरी, हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडूतले होते, तर रौसेटसचे केरळमधले. म्हणजे शंभरात चार-पाच.

टाळेबंदीच्या भीतीत ही बातमी 'भारतातल्या वटवाघळांत कोरोना' अशा मथळ्याने फिरली. मथळा खोटा नव्हता, पण त्यातून लोकांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. सापडलेले विषाणू कोविडचे नव्हते. ते माणसाला आजारी पाडतात याचाही काही पुरावा नव्हता. हे नीट समजायचे तर कोरोनाविषाणूंचे घराणे किती मोठे आहे ते आधी पाहायला हवे.

कोरोना एकच नाही

जिल्ह्यातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला 'आयबी' म्हणजे काय ते विचारा. कोंबड्यांच्या श्वसनमार्गाला होणारा हा संसर्ग, आणि त्यावर पिल्लांना दिली जाणारी लस, त्याला पाठ असते. आयबीचा विषाणू हा कोरोनाविषाणूच. १९३०च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांत आढळलेला हा विषाणू या घराण्यातला सर्वांत आधी माहीत झालेला सदस्य. वासरांना लागणाऱ्या हगवणीमागे जी कारणे असतात त्यांतही एक कोरोनाविषाणू आहे. माणसाला हिवाळ्यात होणाऱ्या साध्या सर्दीपैकी काही सर्दी 'ओसी-४३' नावाच्या कोरोनाविषाणूमुळे होते, आणि त्याचे सर्वांत जवळचे नाते गाईगुरांतल्या कोरोनाविषाणूशी आहे. तो गुरांमधूनच कधी काळी माणसात आला असावा, असे अभ्यासक मानतात.

थोडक्यात, गोठ्यात, खुराड्यात आणि घरात कोरोनाविषाणू आपल्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहेत. शास्त्रज्ञ या घराण्याच्या अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा अशा चार शाखा मानतात. (कोविडच्या काळात ऐकलेले अल्फा, डेल्टा हे वेगळे. ती एकाच विषाणूच्या बदलत्या रूपांची नावे होती.) गॅमा आणि डेल्टा शाखांचे मूळ मुख्यतः पक्ष्यांत, तर अल्फा आणि बीटा शाखांचे मूळ वटवाघळांत असल्याचे दिसते.

बीटा शाखेलाही फाटे आहेत. २००२-०३ चा सार्स आणि २०१९ चा कोविड यांचे विषाणू एका फाट्यावरचे. उंटांमार्फत माणसात येणारा मर्स दुसऱ्या फाट्यावरचा. पुण्याच्या संशोधकांना सापडलेले विषाणू तिसऱ्याच फाट्यावर, फळे खाणाऱ्या वटवाघळांमध्येच मुख्यतः आढळणाऱ्या गटात बसले. रौसेटसमधल्या एका विषाणूचा तपासलेला तुकडा 'एचकेयू-९' या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. हा एचकेयू-९ त्याआधी चीनमध्ये याच जातकुळीच्या वटवाघळांत सापडलेला होता. एवढ्या दूरच्या दोन देशांत एकाच प्रकारच्या वटवाघळात एकसारखा विषाणू मिळावा, यातून एक गोष्ट दिसते: या प्राण्याचे आणि या विषाणूचे बस्तान फार जुने आहे.

नमुना कसा घेतात?

वटवाघूळ हा वन्यप्राणी आहे. त्याला हात लावण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, आणि संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीचीही. कागदपत्रे पूर्ण झाली की पथक आधी दिवसा जागा पाहून येते: वटवाघळे किती आहेत, कोणत्या वाटेने बाहेर पडतात, पिल्ले अंगावर आहेत का. मग संध्याकाळच्या सुमारास त्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर केसासारख्या बारीक धाग्याचे जाळे दोन खांबांना ताणून लावतात. धागा इतका तलम असतो की अंधारात वटवाघळाला तो चटकन जाणवत नाही. गुहेत असेल तर लांब दांड्याचे झोळीसारखे जाळे वापरतात.

जाळ्यात प्राणी अडकला की त्याला ताटकळत ठेवून चालत नाही. तो धडपडतो, पंखाचा पातळ पडदा फाटू शकतो. जाड हातमोजे घातलेला एक जण त्याला सोडवतो आणि एकेका वटवाघळाला एकेका सुती पिशवीत ठेवतो. पिशवीत अंधार असल्यामुळे ते शांत होते. पथकातल्या प्रत्येकाच्या अंगावर संपूर्ण संरक्षक पोशाख, चेहऱ्यावर एन-९५ मास्क किंवा हवा गाळून देणारी टोपी, डोळ्यांवर चष्मा. ही काळजी दोन्ही बाजूंनी असते. वटवाघळाचा विषाणू माणसाला लागू नये, तसा माणसाचा वटवाघळालाही लागू नये.

मग टेबलावर नोंदी सुरू होतात. वजन, नर की मादी, पिल्लू की प्रौढ. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी कॅलिपरने मोजतात, कारण वटवाघळाची जात ठरवताना हे माप फार उपयोगी पडते. त्यानंतर घशातून एक आणि गुदद्वारातून एक असे दोन स्वॅब. काडी लहान मुलाच्या कानात घालण्याच्या काडीपेक्षाही बारीक. तिचे टोक गुलाबी द्रावणाच्या कुपीत मोडून टाकतात, झाकण घट्ट लावतात, कुपीवर क्रमांक लिहितात. हे द्रावण विषाणूला प्रवासात टिकवून धरते. पंखाच्या शिरेतून थोडे रक्तही घेतात. हे सगळे काही मिनिटांत उरकते आणि वटवाघूळ जिथून धरले तिथेच सोडले जाते. कुप्या लगेच कोरड्या बर्फात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातात आणि प्रयोगशाळेत उणे ८० अंशांवर ठेवल्या जातात.

यातला दुसरा स्वॅब महत्त्वाचा. माणसाच्या कोविडमध्ये आपण नाक-घशाचा नमुना घेतला, कारण तो विषाणू माणसाच्या श्वसनमार्गात वाढतो. वटवाघळांत मात्र कोरोनाविषाणूंचा मुक्काम बहुधा आतड्यात असतो. पुण्याच्या तपासणीत विषाणू मिळाला तो गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये. घशाचे नमुने निगेटिव्ह आले. फक्त घसा तपासला असता तर 'भारतीय वटवाघळांत कोरोनाविषाणू नाही' असा निष्कर्ष निघाला असता आणि तो चुकीचा ठरला असता.

वटवाघळांना न पकडताही काम होते. झाडाखाली किंवा गुहेत प्लास्टिकचे कापड रात्रभर अंथरून ठेवायचे आणि सकाळी त्यावर पडलेली ताजी विष्ठा व मूत्र गोळा करायचे. यात प्राण्याला त्रास नाही, माणसाला धोका कमी. तोटा एकच, की कोणता नमुना कोणत्या वटवाघळाचा, त्याचे वय काय, ते मादी होते की नर, हे कळत नाही.

अज्ञात विषाणू शोधण्याची युक्ती

माणसाची कोविड चाचणी ही ठरावीक विषाणूसाठी बनवलेली असते. वटवाघळात काय सापडेल ते आधी माहीतच नसते. मग शोधायचे कसे?

कोरोनाविषाणूचा सगळा कारभार आरएनएच्या सुमारे ३० हजार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातला काही भाग भराभर बदलतो. पेशीला चिकटणाऱ्या काट्यांचा, म्हणजे स्पाइकचा, भाग असाच. पण काही भाग असा असतो की तो बदलला तर विषाणूचे जगणेच अशक्य होते. आपल्या आरएनएच्या नकला काढणारे जे यंत्र विषाणूजवळ असते, त्याचे जनुक या दुसऱ्या प्रकारातले. शास्त्रज्ञ त्याला 'आरडीआरपी' म्हणतात. घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या कोरोनाविषाणूंत हे जनुक बरेचसे सारखे असते. मतदारयादीत माणसाचे नाव माहीत नसले तरी आडनावावरून त्याचे कुटुंब शोधता येते, तसा हा प्रकार. या जनुकाच्या ठरावीक तुकड्याला चिकटणारे 'प्रायमर' वापरले की माहीत असलेला आणि नसलेला, दोन्ही प्रकारचा कोरोनाविषाणू गळाला लागतो.

क्रम असा. कुपीतल्या द्रावणातून आरएनए वेगळा काढायचा. आरएनए नाजूक, म्हणून त्याची डीएनएत नक्कल करायची. मग पीसीआर यंत्रात त्या विशिष्ट तुकड्याच्या लक्षावधी प्रती काढायच्या. त्या जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, विजेच्या प्रवाहात सोडल्या की अपेक्षित लांबीच्या जागी एक पट्टा उजळून दिसतो. पट्टा दिसला म्हणजे काम झाले असे नाही. तो तुकडा अक्षर न्‌ अक्षर वाचून घ्यायचा आणि जगभरच्या जनुकीय माहितीसाठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहायचा. त्यावरून या विषाणूची वंशवेल काढता येते. ज्या नमुन्यात विषाणू भरपूर असेल तिथे 'नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग' करून जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचतात. पुण्याच्या संशोधकांनी हे दोन्ही केले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पीसीआरमध्ये मिळतो तो विषाणूच्या आरएनएचा अंश. तो जिवंत, संसर्ग करू शकणारा विषाणू असेलच असे नाही. रक्तात प्रतिपिंडे मिळाली तर त्याचा अर्थ त्या प्राण्याला कधीतरी तो संसर्ग होऊन गेला. आणि प्रयोगशाळेत पेशींवर विषाणू वाढवून दाखवला तरच तो जिवंत हाती लागला असे म्हणतात. पुरावा या तिन्हींपैकी कोणता आहे, हे बातमी वाचताना पाहिले तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

महाबळेश्वरची गुहा

वरच्या शोधनिबंधातल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्याच पथकाने सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली. हे काम कोरोनाचे नव्हते, निपाहचे होते. ६५ रौसेटस आणि १५ पिपिस्ट्रेल, म्हणजे किडे खाणारी चिमुकली वटवाघळे, अशी एकूण ८० वटवाघळे धरली गेली. ३३ रौसेटस आणि एका पिपिस्ट्रेलच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडे मिळाली. दोन्ही प्रकारांतल्या एकेका वटवाघळात विषाणूचा आरएनएही मिळाला. डॉ. मंगेश गोखले आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २०२१ मध्ये आला आणि महाराष्ट्रातल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा प्रथमच नोंदल्या गेल्या.

बातमी फुटली तेव्हा कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. साहजिकच घबराट पसरली. प्रत्यक्षात राज्यात निपाहचा एकही रुग्ण नव्हता. गुहेतल्या वटवाघळांना संसर्ग होऊन गेला होता, त्यांनी तो पचवला होता आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. ही माहिती हाती आल्यावर डॉक्टरांनी सावध राहायचे असते. एखाद्या रुग्णाला मेंदूज्वर झाला आणि कारण कळत नसेल, तर निपाहची शंका घ्यायची हे आधीच ठाऊक असणे ही फार मोठी जमेची बाजू आहे. केरळमध्ये २०१८ मध्ये निपाहचे निदान वेगाने झाले आणि साथ आटोक्यात आली, त्यामागे एका सावध डॉक्टरांच्या पथकाची शंका आणि नमुने तपासण्याची तयार व्यवस्था होती.

एनआयव्हीकडे ही व्यवस्था एका दिवसात आलेली नाही. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात 'व्हायरस रिसर्च सेंटर' सुरू झाले आणि १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा शोध घेताना या संस्थेचे लोक माकडे, उंदीर, गोचिड्या आणि वटवाघळे तपासत जंगले हिंडले. अत्यंत घातक विषाणू हाताळता येतील अशी सर्वोच्च सुरक्षेची, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा पुण्याच्या पाषाणमध्ये उभी राहिली. २०१० मध्ये पश्चिम भारतातल्या रौसेटस वटवाघळांत या संस्थेला एक संपूर्ण नवा विषाणू मिळाला, त्याला 'मालसूर' असे नाव दिले गेले. आणि मार्च २०२० मध्ये कोविडचा विषाणू भारतात प्रथम वेगळा करून वाढवला गेला तोही इथेच.

वटवाघळेच का?

इतके विषाणू अंगावर बाळगून वटवाघळे मरत कशी नाहीत? त्याचे एक उत्तर त्यांच्या उडण्यात आहे. सस्तन प्राण्यांत खरेखुरे उडणारे हे एकटेच. उडताना शरीरातली ऊर्जेची उलाढाल प्रचंड वाढते आणि त्यात पेशींमधल्या डीएनएची मोडतोड होते. तुटलेले डीएनए दिसले की आपले शरीर शत्रू आल्याचे समजून दाह सुरू करते. वटवाघळांत असे रोज झाले तर ती जगणारच नाहीत. म्हणून त्यांच्यात हा धोक्याचा इशारा मंद झालेला आहे. दाह सुरू करणाऱ्या 'स्टिंग' नावाच्या प्रथिनातला एक ठरावीक बदल वटवाघळांत असल्याचे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले. कोविडमध्ये बरीच माणसे विषाणूपेक्षा शरीरानेच पेटवलेल्या दाहाने दगावली, हे आठवले की वटवाघळाची ही तडजोड किती उपयोगी आहे ते कळते.

दुसरे कारण त्यांची संख्या आणि राहणी. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत, जगात चौदाशेहून अधिक. हजारोंच्या वस्तीत अंगाला अंग लावून राहायचे, रात्री मैलोन्‌मैल उडायचे आणि आकाराच्या मानाने दीर्घकाळ जगायचे. विषाणूला याहून चांगला आसरा कोणता?

पण वटवाघळात असलेला विषाणू आणि माणसाला लागलेला विषाणू यांच्यात मोठे अंतर असते. विषाणूच्या स्पाइकला माणसाच्या पेशीवर बसायची जागा मिळाली पाहिजे. तो पुरेशा प्रमाणात माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाता आले पाहिजे. अनेकदा मध्ये एखादा प्राणी लागतो. सार्समध्ये बाजारात विकली जाणारी सिव्हेट, म्हणजे उदमांजराच्या वर्गातले प्राणी होते, मर्समध्ये उंट, आणि १९९८-९९ मध्ये मलेशियातल्या निपाहच्या साथीत डुकरे. त्या साथीत वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे डुकरांच्या गोठ्यात पडत आणि तिथून संसर्ग गेला, असे मानले जाते. कोविडच्या विषाणूचे सर्वांत जवळचे ज्ञात नातलग लाओस आणि चीनमधल्या नालाकृती नाकाच्या वटवाघळांत सापडले. लाओसमधल्या एकाचा जनुकसंच ९६.८ टक्के जुळतो. ऐकायला हे प्रमाण मोठे वाटते. ३० हजार अक्षरांच्या मजकुरात मात्र उरलेले तीन टक्के म्हणजे सुमारे हजार अक्षरांचा फरक आणि काही दशकांची उत्क्रांती. तो विषाणू माणसापर्यंत नेमका कसा आला, हा वाद अजून मिटलेला नाही.

हुसकावले तर काय होते?

अशी एखादी बातमी आली की गावात पहिली सूचना येते ती धूर करण्याची, फटाके लावण्याची, झाड तोडण्याची. या उपायाचा निकाल युगांडात लागलेला आहे. तिथल्या किटाका खाणीत २००७ मध्ये खाणकामगारांना मारबर्ग या अत्यंत घातक विषाणूची लागण झाली. खाणीत रौसेटसच्याच कुळातली एक लाखाहून अधिक वटवाघळे होती. ती सगळी मारून टाकण्यात आली. २०१२ मध्ये थोडीशी वटवाघळे परत येऊन राहिली होती. तपासले तेव्हा त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण आधीच्या ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलेले होते, आणि जवळच्याच गावात त्याच वर्षी मारबर्गची मोठी साथ आली. कारण बहुधा असे. जुनी, संसर्ग पचवलेली वटवाघळे मेली आणि त्यांच्या जागी संसर्ग न झालेली तरुण वटवाघळे आली. विषाणूला नवे सरपण मिळाले.

ऑस्ट्रेलियात वटवाघळांतून घोड्यांना लागणाऱ्या हेंड्रा विषाणूच्या दीर्घ अभ्यासातही असेच दिसले. टेरोपसची जंगले तुटली, अन्नाचा तुटवडा झाला की ती माणसाच्या वस्तीजवळ येतात आणि उपासमारीच्या ताणात जास्त विषाणू बाहेर टाकतात. ज्या वर्षी हिवाळ्यात फुलोरा भरपूर आला, त्या वर्षी घोड्यांना लागण झाली नाही. वटवाघळाला त्याच्या जागी पोटभर खायला मिळणे हा आपल्याच संरक्षणाचा भाग आहे.

शेतकऱ्याच्या हिशेबातही वटवाघूळ तोट्याचे नाही. द्राक्षबाग किंवा चिकूच्या बागेत टेरोपस नुकसान करते, हे खरे. त्यावर जाळी हा उपाय आहे. पण किडे खाणारी वटवाघळे रात्रभर पतंग टिपत असतात, आणि तूर-हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा जन्म अशाच पतंगाच्या अंड्यातून होतो. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया दूरवर पोहोचवण्याचे कामही फळे खाणाऱ्या वटवाघळांचे. आपल्या कायद्याने मात्र १९७२ पासून त्यांना उंदरांबरोबर 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

मराठवाड्यासाठी यातून काय घ्यायचे?

वटवाघळांतला विषाणू एका फेरीत सापडत नाही. युरोपात झालेल्या अभ्यासात दिसले की मादी वटवाघळे पिल्लांसह एकत्र जमतात त्या काळात कोरोनाविषाणूचे प्रमाण वाढते, नंतर उतरते. म्हणून एकाच वस्तीला वर्षातून अनेकदा, निरनिराळ्या ऋतूंत भेट द्यावी लागते. हे काम पुण्याहून येणाऱ्या एका पथकाने होण्यासारखे नाही. विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, वनखाते, पशुसंवर्धन खाते आणि जिल्हा रुग्णालय यांनी एकत्र नोंदी ठेवल्या तर होईल. पीसीआर चालवायला शिकलेली माणसे कोविडमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाली आहेत. धाराशिवची लेणी, नळदुर्गच्या अंधाऱ्या खोल्या, येडशीचे रामलिंग अभयारण्य इथल्या वटवाघळांची साधी मोजणी आणि जातींची नोंद महाविद्यालयीन मुलेही प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली करू शकतात. त्यासाठी वटवाघळाला हात लावायची गरज नाही. संध्याकाळी गुहेबाहेर उभे राहून मोजले की झाले.

आपल्या बाजूने करायच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. जमिनीवर पडलेले किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, मुलांना उचलू देऊ नका. वटवाघूळ चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पक्ष्याने किंवा वटवाघळाने कुरतडलेले फळ खाऊ नका, ते शेळ्या-गुरांपुढेही टाकू नका. लेण्यांत किंवा किल्ल्याच्या भुयारात विष्ठेचा थर असेल तर तिथे मास्क लावूनच जा, धूळ उडवू नका आणि आत शेकोटी किंवा फटाके अजिबात नकोत. आणि झाडाखाली एकाच वेळी अनेक वटवाघळे मरून पडलेली दिसली, तर ती पुरायच्या भानगडीत न पडता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साथीचा पहिला धागा अशाच एखाद्या फोनमधून शास्त्रज्ञांच्या हाती लागू शकतो.